सेफ्टी पिन लावलेली बाई आणि मेक्सिकोतल्या छापचित्रकार स्त्रिया

ठसेवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. या सत्रात आठवीच्या मुलांना लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर ठसा कोरून छापायचं चित्र, शिकवायला घेतलाय. नमुना म्हणून वर्गात एक चित्र लावलं, एलिझाबेथ कॅटलेट यांचं १९५२ सालचं ‘शेअरक्रॉपर’. दुसऱ्याच्या जमिनीत बटईने राबणारी कृष्णवर्णीय बाई. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, गालाची हाडं वर आलेली, मान ताठ. नजर आपल्याकडे नाही, आपल्या पलीकडे कुठेतरी. मुलं आधी टोपीबद्दल बोलली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हिच्या कोटाला बटणच नाहीये. माझी आजीपण ब्लाउजला अशीच पिन लावते.”

हे चित्र मी कॉलेजात असल्यापासून बघतेय. पिन दिसत होती, पण मी कधी तिच्यापाशी थांबले नव्हते. त्या रात्री घरी येऊन चित्र मोठं करून पाहिलं. गळ्याशी कोटाच्या दोन कडा एका सेफ्टी पिनेने जोडल्यात. लिनोमध्ये जे कोरून काढाल ते पांढरं राहतं आणि जे ठेवाल त्याला शाई लागते. म्हणजे ती पिन कॅटलेटबाईंनी लिनोच्या पृष्ठभागात बारीक टूलने मुद्दाम कोरून आणलीय. हात चुकून पिन उमटत नाही. वर्षभर राबून शेवटी मालकाच्या वहीत आपल्याच नावावर उधारी निघते, त्या सगळ्या व्यवहाराचा हिशेब त्या इवल्या पिनेत आहे.

कॅटलेट १९१५ साली वॉशिंग्टन डी.सी.त जन्मल्या. आजी-आजोबा गुलामगिरीतून आलेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटने कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या. पुढे आयोवात शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी घेतली, पण तिथल्या वसतिगृहात राहायला परवानगी नव्हती. तिथले त्यांचे शिक्षक ग्रँट वूड यांनी सांगितलं होतं, जे तुला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे तेच कर. १९४६ मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती घेऊन त्या मेक्सिको सिटीत आल्या आणि ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ या कार्यशाळेत शिरल्या. अर्थ साधा आहे: लोकांसाठीच्या छापचित्रांची कार्यशाळा. तिथे त्यांनी १५ लिनोकटांची एक मालिका केली. तेव्हा तिचं नाव ‘द नीग्रो वुमन’ होतं, पुढे ते ‘द ब्लॅक वुमन’ झालं. चित्रांची शीर्षकं एकापाठोपाठ वाचली की एका बाईचं बोलणं ऐकू येतं. मी कृष्णवर्णीय स्त्री आहे, मी अमेरिकेत कायम कष्टच केले, शेतात, दुसऱ्यांच्या घरांत. असं करत करत ती माझ्या माणसांसाठी मला वाटणाऱ्या खास भीतीपाशी येते. त्या चित्रात गळ्यात दोर असलेला माणूस जमिनीवर पडलाय. बाजूला उभ्या असलेल्यांचे फक्त पाय दिसतात.

त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी बायका मेक्सिकोत हे काम करत होत्या, आजही करतात. आपल्याकडे मेक्सिको म्हटलं की फ्रिडा काहलो आणि दिएगो रिव्हेरा हे चित्रकार जोडपं, बस्स. कुणाला आणखी माहिती असेल तर लिहा. मला मुलांना दाखवायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही हवंय.

---

पाटीपेन्सिल

सुंदर धागा, ताई. वाचनखूण साठवली.

एक भाबडा प्रश्न. कॅटलेट अमेरिकन ना? मग त्यांना मेक्सिकन कशाला म्हणायचं? तिथे जाऊन चित्र काढलं म्हणून?

---

ठसेवाली

@पाटीपेन्सिल, प्रश्न बरोबर आहे. त्या शिष्यवृत्तीसाठी आल्या आणि तिथल्याच झाल्या. कार्यशाळेतल्याच फ्रान्सिस्को मोरा या चित्रकाराशी १९४७ मध्ये लग्न केलं. मुलं तिथेच वाढली. १९५९ पासून मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय कलाशाळेत शिल्पकला विभागाच्या प्रमुख होत्या, १९७५ ला निवृत्त झाल्या.

अमेरिकेने त्यांना कसं वागवलं तेही बघा. डाव्या विचारांमुळे अमेरिकेच्या दूतावासाची नजर त्यांच्यावर होतीच. रेल्वे कामगारांच्या संपाच्या धामधुमीत मेक्सिकोतही त्यांना अटक झाली, परदेशी चिथावणीखोर म्हणून. १९६२ मध्ये त्यांनी मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि अमेरिकेने त्यांना ‘अवांछित परकी व्यक्ती’ ठरवून दार बंद केलं. ज्या देशातल्या बायकांचे चेहरे त्या कोरत होत्या तिथे पाऊल ठेवता येईना. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या स्टुडिओ म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला. २०१२ मध्ये क्वेर्नावाकाला वारल्या. मी त्यांना दोन्हीकडच्या म्हणते, आणि चित्रंही तेच सांगतात.

---

जुना शाईवाला

मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली, म्हणून बाजूने थोडं लिहितो.

या कार्यशाळेची सुरुवात १९३७ ची. लिओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओ’हिगिन्स आणि लुईस आरेनाल हे तिघे संस्थापक. त्यांच्याआधी मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२-१९१३) होऊन गेले. बाजारात पैशा-दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पत्रकांवर सांगाडे, खून, भूकंप, पुढाऱ्यांची टवाळी असं सगळं ते कोरून छापायचे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. त्या वेळी सांगाड्यांची चित्रं आणि खाली टीकेच्या कविता अशी पत्रकं निघतात. कार्यशाळेने ती चाल पुढे नेली.

पण माझ्यासारख्याला त्यातला धंद्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. लाकूड महाग, लिनोलियम स्वस्त. लिनोलियम म्हणजे जवसाच्या तेलात बुचाचा (कॉर्कचा) भुगा मळून तागाच्या कापडावर थापलेला पत्रा, तो जमिनीवर अंथरायला बनवलेला असतो. त्याला लाकडासारखी धार-रेषा नसते, कुठल्याही दिशेला टूल चालतं. नवशिक्यालाही जमतं आणि लाकडापेक्षा लवकर होतं. संप उद्या असेल तर आज रात्री ठसा कोरायचा आणि पहाटेपर्यंत शेकड्याने प्रती काढायच्या. कागदही साधा, पतंगाच्या कागदासारखा रंगीत पातळ. असं चित्र भिंतीवर चिकटवायचं असतं, तिजोरीत ठेवायचं नसतं.

आणखी एक. तिथे प्रत्येक चित्रावर सगळ्यांनी बसून चर्चा करायची पद्धत होती. तुझा हात इथे कमजोर आहे, हा चेहरा कामगाराला ओळखीचा वाटणार नाही, असं तोंडावर सांगायचे. तरुण मुलगी असो की संस्थापक, चित्र सगळ्यांपुढे ठेवावं लागे. आमच्या छापखान्यात प्रूफ असंच फिरायचं.

---

उंबरठा७

@जुना शाईवाला काका, तुमचा प्रतिसाद वाचून माझं कॉलेज आठवलं. नाव घेत नाही. मला प्रिंटमेकिंग घ्यायचं होतं. सर म्हणाले, एचिंग प्रेसचं (धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायच्या यंत्राचं) चाक मुलींना ओढवत नाही, तू टेक्स्टाइल घे. मी टेक्स्टाइल घेतलं. पुढे नोकरी लागली, संसार झाला, पण तो सल अजून आहे.

म्हणून विचारते, त्या कार्यशाळेत बायकांना खरंच जागा होती का? की नावापुरत्या?

---

ठसेवाली

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या वर्गात दोन मुली मिळून चाक फिरवतात, आणि लिनोला तर चमच्याची पाठही पुरते.

उत्तर: जागा होती, पण सुरुवातीपासून नव्हती. पहिली स्त्री सभासद मारियाना याम्पोल्स्की, १९४५ मध्ये. जन्म शिकागोचा, तेव्हा जेमतेम विशीतली पोर. म्हणजे कार्यशाळा सुरू झाल्यावर पहिली बाई सभासद व्हायला आठ वर्षं गेली. मेक्सिकन क्रांतीवर कार्यशाळेने १९४७ मध्ये ८५ चित्रांचा संच काढला, त्यात तिचीही चित्रं आहेत. पुढे ती कॅमेऱ्याकडे वळली आणि खेड्यापाड्यांतली माणसं, घरं, अंगणं यांचे तिने काढलेले फोटो आज जास्त प्रसिद्ध आहेत. मला त्यांतही लिनोकट दिसतो. काळं आणि पांढरं कुठे थांबवायचं हे तिचा हात आधीच शिकला होता.

---

अंगणवेल

फ्रिडाचा विषय निघालाच आहे म्हणून.

फ्रिडाने छापचित्र जवळजवळ केलंच नाही. १९३२ मध्ये डेट्रॉइटमध्ये गर्भपात झाल्यावर तिने एक लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) केला, त्यात तिचं स्वतःचं शरीर आणि गर्भ आहे. पुन्हा त्या वाटेला ती गेली नाही. पण तिची एक विद्यार्थिनी गेली. फॅनी राबेल (१९२२-२००८). पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातली, आईवडील फिरत्या नाटकमंडळीतले. आधी पॅरिस, मग १९३८ मध्ये मेक्सिको. फ्रिडा कलाशाळेत शिकवायला लागली, पण तब्येतीमुळे रोज जाता येईना, तेव्हा मुलं कोयोआकानच्या तिच्या घरी जायला लागली. शेवटी चारच जण उरले, त्यांना लोक ‘लोस फ्रिदोस’ म्हणायचे. त्या चौघांत मुलगी एकटी फॅनी.

फॅनीच्या छापचित्रांत आणि चित्रांत लहान मुलं खूप येतात. गरीब घरातली, मोठ्या डोळ्यांची. पण ती दया मागत नाहीत. ज्या बाईने लहानपणी तीन देश बदलले, तिला मुलाच्या डोळ्यांतली ‘आता पुढे कुठे’ ही नजर शिकावी लागली नसणार. उतारवयात तिने मेक्सिको सिटीच्या धुरावर, गर्दीवर, बकालपणावर चित्रं केली. शहरासाठी शोकगीत म्हणावं अशी.

---

कोयनाकाठ

सगळं वाचतोय आणि आवडतंय. पण मनात आहे ते बोलतो.

संप, युद्धविरोध, शांतता, कामगार. हे सगळं पोस्टर झालं ना? संदेश आधी ठरलेला आणि चित्र नंतर. मला अशा चित्रांपुढे दोन मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. चांगलं काम आहे, पण ती कला आहे का?

---

अंगणवेल

@कोयनाकाठ, त्या कार्यशाळेतल्या पुष्कळ चित्रांबाबत तुमचं म्हणणं खरं आहे. आवळलेल्या मुठी, जाडा भांडवलदार, उगवता सूर्य. एकदा पाहिलं की संपलं. पण म्हणूनच या बायकांचं काम वेगळं काढून बघा असं म्हणेन. त्यांच्याकडे पुतळे कमी आणि शेजारीण जास्त आहे.

आंद्रेआ गोमेस (१९२६-२०१२) घ्या. तिची १९५६ मधली दोन चित्रं: ‘कचऱ्यातली मुलगी’ आणि ‘युद्धाविरुद्ध आई’. दुसऱ्याचं शीर्षक ऐकलं की पोस्टरच वाटतं. पण चित्रात एक बाई लेकराला असं कवटाळून आहे की तिच्या हातांत भीती आणि ताकद वेगळी करता येत नाही. घोषणा त्या हातांच्या पुढे कुठेही नाही.

आणि या आंद्रेआची आजी कोण ठाऊक आहे? हुआना बेलेन गुतिएरेस दे मेंदोसा. हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या काळात, १९०१ मध्ये, तिने ‘वेस्पर’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. छापयंत्र घ्यायला स्वतःच्या शेळ्या विकल्या असं सांगतात. लिखाणासाठी तुरुंगात गेली, बाहेर आल्यावर पुन्हा लिहायला लागली. नंतर क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याच्या बाजूने उभी राहिली. आजीने शेळ्या विकून शाई आणली आणि नातीच्या हातात रोलर आला. मला तरी ही एकाच घरातली गोष्ट वाटते.

---

कोयनाकाठ

शेळ्यांची गोष्ट आवडली. आमच्याकडे शेळी विकायची म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलंय. ‘युद्धाविरुद्ध आई’ शोधून पाहिलं. दोन मिनिटांपेक्षा जास्त उभा राहिलो. बाकीच्यांबद्दल मत राखून ठेवतो.

---

मक्याचं पीठ

अवांतर वाटेल, पण मेक्सिको आणि आपला एक खरा धागा आहे म्हणून लिहितो.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांचं चित्र काढलं, त्यात खानखोजे आहेत. आणि त्यांच्या शेतीशाळांचे फोटो काढले तीना मोदोत्तीने. ती छापचित्रकार नव्हती, छायाचित्रकार. पण विळा, कणीस, काडतुसांचा पट्टा, कष्टकऱ्याचे हात हे तिने ज्या जवळिकीने टिपलं, ते पुढच्या छापचित्रांचंही सामान आहे. १९२०-३० च्या त्या शहरात शेतकऱ्यांच्या शाळा, वर्तमानपत्रं, भिंतीवरची चित्रं आणि कॅमेरा एकाच गल्लीत वावरत होते. त्या गल्लीत आपला एक वर्धेकर होता.

---

दूरदेशी

मी गेली काही वर्षं मेक्सिको सिटीत राहते (नवऱ्याची नोकरी). आताचं थोडं सांगते, कारण तुम्ही सगळे १९५० च्या आसपास थांबला आहात.

इथे रस्त्याने चालताना भिंतीवर काळ्या-पांढऱ्या ठशांची मोठमोठी चित्रं दिसतात. एक वाक्य वारंवार येतं: ‘विवास नोस केरेमोस’. मराठीत कसं सांगू? ‘आम्हाला आम्ही जिवंत हव्या आहोत.’ २०१४ मध्ये ‘मुहेरेस ग्राबांदो रेसिस्तेन्सियास’ या बायकांच्या गटाने ही मोहीम सुरू केली. ‘ग्राबार’ म्हणजे कोरणे, म्हणजे प्रतिकार कोरणाऱ्या बायका. बायकांच्या खुनांविरुद्ध, घरातल्या-रस्त्यावरच्या हिंसेविरुद्ध बायकांनी स्वतः ठसे कोरायचे, मोठे करून छापायचे आणि रात्री जाऊन भिंतीवर लावायचे. चिकटवायला इथे ‘एंग्रुदो’ असतो. पातेल्यात पीठ आणि पाणी शिजवून केलेली खळ, आपल्याकडे निवडणुकीची पत्रकं लावतात तीच.

पहिल्यांदा मी असं चित्र पाहिलं ते बाजाराच्या मागच्या भिंतीवर. अर्धं फाटलं होतं. एका बाईचा अर्धा चेहरा आणि वेणी, वेणीचा प्रत्येक पेड वेगळा कोरलेला. एक भाजीवाली तिच्यासमोर पाट्या लावत होती. मी फोटो काढायला लागले तर म्हणाली, “वरचा भाग पावसाने गेला, पुन्हा लावतील.” तिच्या बोलण्यात शंका नव्हती. मी अजून त्या भिंतीवरून जाते-येते.

ओआहाकाला (इथले लोक ‘वाहाका’ म्हणतात) गेलात तर छापचित्रांच्या कार्यशाळा गल्लोगल्ली आहेत. २००६ मध्ये शिक्षकांच्या संपावर पोलीस तुटून पडले आणि सगळं शहर उठलं. १ ऑगस्टला बायका पातेली आणि पळ्या वाजवत मोर्च्याने निघाल्या आणि थेट सरकारी टीव्ही केंद्र ताब्यात घेतलं. त्या उठावातून चित्रकारांचे गट तयार झाले आणि शहराच्या भिंती ठशांनी भरल्या. ‘लापिस्तोला’ नावाचा गट त्यातलाच, पेन्सिल आणि पिस्तूल हे दोन शब्द जोडून नाव केलंय. तिघांत एक बाई आहे, रोसारियो मार्तिनेस. त्यांचं काम स्टेन्सिलचं (कापलेल्या आकारातून रंग उमटवायचं), पण घराणं तेच.

---

उंबरठा७

@दूरदेशी, तुझी भाजीवाली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ठसेवालीताई, मला लिनो करायचाय. चाळिशी उलटलीय, हात टेक्स्टाइलचा आहे. काय काय लागेल?

---

ठसेवाली

ताई, जरूर! पसारा फार नाही. लिनोचा छोटा तुकडा, एक व्ही टूल आणि एक यू टूल (टोकाच्या आकारावरून नावं), रोलर, काळी शाई, शाई पसरायला काच.

लिनो कडक असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापतो. दुसरा हात टूलच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून खूण आहे. काचेवर शाई पसरताना रोलरचा आवाज ऐका. पचपच वाजला तर शाई जास्त झाली, चर्रर्र असा बारीक आवाज आला की जमली. कागद ठेवल्यावर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जा. आणि तुमच्या टेक्स्टाइलचा उपयोग होईल. कॅटलेटबाईंनी मेक्सिकोला येण्याआधी हार्लेममध्ये कष्टकऱ्यांच्या शाळेत शिल्पकलेबरोबर कपडे शिवायलाही शिकवलं होतं. ‘शेअरक्रॉपर’च्या कोटाचं कापड बघा, ते शिवणाऱ्या हाताने कोरलेलं आहे असं मला वाटतं.

---

जुना शाईवाला

अक्षरं उलटी कोरायची हे सांगायचं राहिलं.

---

ठसेवाली

काका, तेच सांगायला आले होते!

काल वर्गात पहिले छाप निघाले. पिन ओळखणाऱ्या त्या मुलीने आजीचा गळा आणि ब्लाउज कोरलाय, चेहरा नाही, मधोमध पिन. खाली ‘आजी’ लिहिलं होतं, ते सुलटं कोरलं म्हणून उलटं छापलं गेलं. रडवेली झाली. मी म्हटलं, खालची पट्टी कापून टाकू. तर नाही म्हणाली. घरून दुसरा तुकडा मागून घेतला, आरशासमोर धरून अक्षरं काढली आणि सगळं पुन्हा कोरतेय, पिनेसकट. पहिल्या छापात पिन बंद होती. आता म्हणते, आजी ती दुपारी उघडून पायातला काटा काढते, म्हणून उघडी पाहिजे.

शनिवारी तिचे वीस छाप काढायचेत, आजीच्या शेजारणींना द्यायला. शाळेत जाड कार्ट्रिज पेपर आहे, पण तो चमच्याने नीट दबत नाही. पातळ, पण न फाटणारा कागद कुणी सुचवाल का? काका, पतंगाचा कागद चालेल?

---

जुना शाईवाला

चालेल. शाई मात्र अगदी पातळ थर लाव आणि कागद ओढू नकोस, एका कोपऱ्याने सोलून काढ. माझ्याकडे जुना पांढरा टिश्यू आहे दोन दस्ते, व्यक्तिगत निरोप (व्यनि) कर, शुक्रवारपर्यंत कुरियरने पाठवतो.